बापूंची संध्याकाळची फेरी

परवा आमच्या सोसायटीच्या गच्चीवर सभा झाली. कचऱ्यावर प्रक्रिया करणारा प्रकल्प आपल्या वस्तीजवळ येतो आहे, तो इथे नको, अशी सभा. आम्हा म्हाताऱ्यांना पुढच्या खुर्च्या दिल्या होत्या. बोलणारा मुलगा हुशार होता, तयारी करून आला होता. बोलता बोलता म्हणाला, "आपल्यातला कुणी फुटता कामा नये. जुन्या पनवेलमध्ये असंच झालं होतं. खाडीकडच्या आळीनं खत डेपोला विरोध केला आणि त्यांचाच पुढारी, एक खानावळवाला, ऐन वेळी विकला गेला."

सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. सवयीनं.

घरी येऊन जेवायला बसलो तेव्हा ती खानावळ आठवली. त्या खानावळवाल्याच्या हातचं मी ऐन तरुणपणात वर्षानुवर्षं जेवलो आहे. तो विकला गेला नव्हता. हे खात्रीनं सांगू शकेल असा आता मी एकटाच उरलो आहे, आणि आजवर मी ते सांगितलेलं नाही. म्हणून हे लिहायला घेतलं.

त्यांना सगळे बापू म्हणत. मी आपट्याहून पनवेलला आलो तो नगरपालिकेत हंगामी कारकून म्हणून. खाडीकडच्या आळीत खोली मिळाली आणि आळीच्या तोंडाशीच बापूंची खानावळ. पुढे ओटा, आत बाकडी, मागे चूल. बापू उंच, किंचित वाकलेले, खांद्यावर पंचा आणि कमरेला तपकिरीची डबी. पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, "गाव कुठलं?" मी म्हटलं, "आपटा." तेव्हापासून मी आपटेकर झालो. माझं खरं नाव त्यांना माहीत होतं की नाही, देव जाणे.

बापूंचा एक नियम होता: आधी जेव, मग भांड. खानावळीत भांडणं फार येत. भाताच्या गिरणीतले हमाल, खटारे बांधणारे सुतार, मिठागरावरची माणसं, कोर्टात तारखेला आलेले पक्षकार. दोन्ही बाजूंचे पक्षकार कधीकधी एकाच बाकावर येत. कुणी आवाज चढवला की बापू त्याच्या पानात भात वाढत आणि म्हणत, "उपाशी माणूस स्वतःशीही खोटं बोलतो. आधी जेव." भात, वालाचं बिरडं आणि ताक पोटात गेल्यावर बहुतेकांना भांडण आठवत नसे. ज्यांना आठवे त्यांना बापू ओट्यावर बसवत आणि मान तिरकी करून ऐकत. निकाल कधी देत नसत. फक्त म्हणत, "बरं, मग?" या दोन शब्दांवर आळीतल्या कितीतरी वाटण्या आणि सोयरिकी मार्गी लागल्या.

त्यांच्या आमटीची ख्याती होती. पेणहून आलेला व्यापारी मुद्दाम वाट वाकडी करून जेवून जाई. सगळ्यांची समजूत अशी की हा माणूस नुसत्या वासावर आमटी ओळखतो. खरं काय ते मला योगायोगानं कळलं.

एका सकाळी मी लवकर गेलो होतो. बापूंच्या पत्नी, माई, कुणाच्या तरी बाळंतिणीकडे गेल्या होत्या. बापू चुलीपुढे दुधाचं पातेलं घेऊन बसले होते आणि त्यात नुसते पाहत होते. मला बघून त्यांनी पातेलं माझ्या नाकाशी धरलं. "आपटेकर, नासलंय का रे?"

दूध लांबूनच आंबलेलं कळत होतं. मी त्यांच्याकडे पाहिलं. ते हसले. "लहानपणी विषमज्वर झाला. ताप गेला तो नाक घेऊन गेला. मला मोगरा काय नि गटार काय, सारखंच."

मग माझ्या लक्षात आलं की फोडणी ते कानानं ओळखतात. मोहरीचा आवाज थांबला की हात चाले. भात खाली लागतो आहे का ते झाकणावर बोटं ठेवून कळे. बाकी सगळं माईंवर. माई चुलीच्या एका बाजूला बसत आणि मधूनच म्हणत, "उतरवा." एवढंच. बापू उतरवत. गिऱ्हाइकाला वाटे, नवऱ्यानं केलं आणि बायकोनं ताट पुसलं. बापूंनी हे लपवलं होतं, कारण वास न येणाऱ्या माणसाच्या खानावळीत कोण जेवेल? तपकिरीची डबी त्यासाठीच. कुणी विचारलं, "बापू, काहीतरी करपतंय का?" की ते डबी उघडून चिमूट ओढत आणि म्हणत, "तपकिरीनं नाक बसलंय. माईला विचार." त्या दिवसापासून माई घरात नसल्या की मी त्यांचं नाक झालो. मला त्याचा अभिमान वाटे.

याच सुमाराला खत डेपोचं निघालं. तेव्हा घरोघरी टोपलीचे संडास होते. मैला आणि गावचा कचरा गाड्यांतून गावाबाहेर नेऊन कुठेतरी टाकत. आता नवी पद्धत आली होती. खड्डे खणायचे, एक थर कचऱ्याचा, एक मैल्याचा, वरून माती, आणि काही महिन्यांनी खत काढून शेतकऱ्यांना विकायचं. जागा ठरली ती आमच्या आळीमागचं खाडीलगतचं मैदान. तिथे पोरं खेळत, बायका वाल आणि सुकट वाळत घालत, आणि समोर कर्नाळ्याचा सुळका दिसे.

आळी उसळली. मिठागराच्या कुटुंबातले धर्मामामा सगळ्यांत जास्त. त्यांच्या दोन मुली लग्नाच्या होत्या. ओट्यावर बसून म्हणाले, "बापू, आमच्या पोरींना कोन करील? लोक बोलतील, खताच्या आलीची पोर हाय. एकदा नाव परलं का सात पिढ्या जात नाय."

"मग डेपो कुठं न्यायचा?" बापूंनी विचारलं.

"न्या ना तिकरं डोंगराच्या पायथ्याला. कातकऱ्यांची वारी हाय तिथं."

"त्या वाडीत माणसं नाहीत?"

"हायेत. पन ते काय बोलनार नाय."

बापूंनी डबी उघडली, चिमूट घेतली आणि डबी बराच वेळ मिटली नाही.

तरी आळीनं त्यांनाच पुढे केलं आणि ते गेले. पुढाऱ्यासारखं त्यांना बोलता येत नव्हतं. त्यांनी आपल्या पद्धतीनं काम केलं. नगरपालिकेच्या सभासदांना आणि सॅनिटरी इन्स्पेक्टरांना जेवायचं आमंत्रण दिलं, आणि पंगत मांडली ती त्या मैदानातच. सारवून, रांगोळी घालून, केळीच्या पानांवर बिरडं, तांदळाची भाकरी, अळूचं फदफदं. आळीतल्या बायकांनी वाढलं. मंडळी तुडुंब जेवली. ताक पिऊन झाल्यावर बापू हात जोडून म्हणाले, "पोटभर जेवलात. आता एवढंच सांगा, पुढच्या वर्षी इथं पान मांडलं तर जेवाल का?"

सभासद हात धुवायला उठले. इन्स्पेक्टर मात्र पक्का माणूस होता. खत डेपोवर त्याचा मनापासून विश्वास होता, हेही लिहिलं पाहिजे. तो म्हणाला, "जेवेन. रीतसर झाकलेल्या खड्ड्याला वास येत नाही. नमुन्याचा एक खड्डा इथेच भरतो. खत तयार झालं की आळीसमोर उघडतो. वास आला तर डेपो दुसरीकडे नेतो."

सगळ्यांनी मान्य केलं. मैदानाच्या कडेला एक खड्डा खणला, भरला, झाकला.

आता माझं. मधल्या काळात एकदा कचेरीत इन्स्पेक्टर चहा घेत होता. मी कागद घेऊन उभा. माझी नोकरी हंगामी होती आणि कायम करायची की नाही यावर त्याचं मत विचारलं जाणार होतं. तो हसत म्हणाला, "त्या खानावळवाल्याचं नाक फार तिखट दिसतं. खड्डा उघडायच्या आधीच त्याला वास येतोय."

साहेब थट्टा करतो आहे, आपणही हसावं, एवढंच माझ्या मनात आलं. मी म्हटलं, "साहेब, त्यांना तर वासच येत नाही. लहानपणापासून."

त्यानं चहाचा कप खाली ठेवला. "अस्सं?" म्हणाला, आणि माझ्या हातातला कागद घेऊन सही केली.

पुढे मी कायम झालो. त्याचा याच्याशी संबंध होता की नव्हता, मला आजही सांगता येत नाही.

खड्डा उघडायच्या सकाळी सगळी आळी मैदानात होती. कामगारांनी वरची माती काढली. आतून काळंभोर, भुरभुरीत काहीतरी निघालं. वारा आमच्याकडून खाडीकडे होता, त्यामुळे लांब उभ्या असलेल्यांना काहीच कळेना. इन्स्पेक्टर मोठ्यानं म्हणाला, "आम्ही वास घेतला तर तुम्ही म्हणाल, नगरपालिकेचे आहेत. आळीच्या वतीनं बापूंनी घ्यावा. बापू म्हणतील ते आम्हाला मान्य."

आळीनं टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, जिंकलो. धर्मामामा बापूंच्या कानाशी लागले, पण त्यांचं कुजबुजणं खाडीपलीकडे ऐकू जाई. "बापू, घान येते म्हना. बास."

बापू पुढे गेले. मूठभर खत उचलून नाकाशी नेलं. दुसरा हात कमरेच्या डबीकडे गेला आणि तिथेच थांबला. त्यांनी इन्स्पेक्टरकडे पाहिलं. तो हसत होता. मग त्यांनी गर्दीत मला शोधलं. रागानं नव्हे. हिशेब जुळतो का बघताना माणूस पाहतो तसं. मी मान खाली घातली.

"घाण येते" एवढे दोन शब्द बोलायचे होते. इन्स्पेक्टरनं खरं उघड केलं असतं तरी आळीनं त्याच्यावर विश्वास ठेवला नसता. डेपो डोंगराखाली गेला असता, खानावळ चालू राहिली असती.

बापू म्हणाले, "मंडळी, माझं नाक गेलेलं आहे. विषमज्वरात गेलं, लहान होतो तेव्हा. हे मला आंब्याच्या मोहरासारखं आहे आणि मोहर यासारखा. माझ्या सांगण्याला काही अर्थ नाही."

कुणीतरी फिस्सकन हसलं. इन्स्पेक्टर म्हणाला, "मग इतके दिवस कशाविरुद्ध भांडत होता बापू?"

"मला मूलबाळ नाही, साहेब. तरी शाळेच्या कमिटीत आहे मी," बापू म्हणाले. "माईला बोलवा. आमटी तीच बघते, हेही ती बघेल."

माई बायकांच्या घोळक्यातून पुढे आल्या. चारचौघांत त्यांचा आवाज मी त्याआधी ऐकला नव्हता. पदर खोचून त्यांनी बापूंच्या हातातलं खत आपल्या तळहातावर घेतलं, बोटांनी फोडलं आणि वास घेतला. घाई केली नाही. आमटी बघताना डोळे मिटत, तसे मिटले.

"घाण नाही याला," माई म्हणाल्या. "ओल्या पेंढ्यासारखा वास आहे."

"माई, नीट घ्या वास," धर्मामामा कळवळून म्हणाले.

"घेतला हो भावजी. जे नाही ते कसं सांगू?"

आळीत कुजबुज सुरू झाली. इन्स्पेक्टर बोलायला तोंड उघडणार तोच माई त्याच्याकडे वळल्या. "पण साहेब, हा खड्डा तुम्ही दाखवायला भरलात. पाहुणा येणार असला की मी आमटीत नारळ जास्त घालते. रोजची आमटी निराळी असते. तुमचा रोजचा खड्डा कसा असणार, ते सांगा."

मागून एक सभासद हसला, "साहेब, सांगा ना." शेवटी सर्वांसमोर ठरलं की प्रत्येक थरावर त्याच दिवशी माती पडेल, आळीच्या माणसानं कधीही येऊन बघावं, आणि ज्या दिवशी वास येईल त्या दिवशी गाड्या उभ्या राहतील. आळीचा माणूस कोण, असं विचारल्यावर कुणीच हात वर केला नाही. बापू म्हणाले, "आम्ही दोघं येऊ."

डेपो झाला. आळी अटी विसरली आणि तिनं एवढंच लक्षात ठेवलं की बापूंच्या बायकोनं डेपो आणला. मग प्रश्न निघाला, इन्स्पेक्टरनं एवढा मोठा निकाल आपणहून बापूंच्या हातात का दिला? आधी ठरल्याशिवाय कुणी असं करतं का? विकले गेले. नाक गेल्याचं सोंगही ठरवूनच. या प्रश्नाला एकच खरं उत्तर होतं, आणि ते खानावळीत तिसऱ्या बाकावर बसून जेवत होतं. मी उत्तर दिलं नाही. आज देईन, उद्या देईन म्हणत राहिलो. गिऱ्हाईक घटलं, पेणचा व्यापारीही यायचा थांबला, तरी मी नाही बोललो. बापूही कधी खुलासा करायला गेले नाहीत. धर्मामामा ओट्यावरून तोंड फिरवून जात, तेव्हा बापू हाक मारत, "मामा, जेवून जा. मग फिरवा तोंड."

आणि संध्याकाळची फेरी सुरू झाली. खानावळीचं दुपारचं आवरलं की माई लुगडं बदलत, बापू काठी घेत, आणि दोघं डेपोकडे निघत. तरुण जोडपी तळ्यावर फिरायला जात, आणि हे दोघं खताच्या खड्ड्यांकडे. डेपोचा मुकादम काशिनाथ त्यांना लांबून बघून कामगारांना म्हणे, "टाका माती, टाका. कमिटी आली." माई खड्ड्याच्या कडेनं चालत जात. कुठे थांबल्या की बापू काठीनं तिथे रेघ मारत आणि काशिनाथकडे वळत. "बरं, मग?" काशिनाथ फावडं घेऊन येई. थांबल्या नाहीत की दोघं तसेच बांधापर्यंत जात आणि खाडीकडे बघत बसत. कामगारांसाठी माईंनी झाकून आणलेलं काही ना काही असे, पोळे, घावन, कधी बिरडं. इतर कुणी त्या माणसांच्या जवळ उभं राहत नसे. हे दोघं त्यांच्यात बसून खात.

मला ती फेरी आठवते तेव्हा वाटतं, त्या दोघांना ती आवडत होती. एरवी चुलीपुढून त्यांना उठायला मिळत नसे. एकदा माई मला म्हणाल्या, "यांना काही कळत नाही ना, म्हणून मी सांगते. भरती आली, आता मिठाचा वास आहे. आता कुणीतरी बोंबील भाजतंय. हे ऐकत बसतात." बापू शेजारी बसून खरोखरच ऐकत होते, मान तिरकी करून.

डेपोला वास आला नाही. म्हणजे कधी कधी आला, आणि त्या दिवशी गाड्या उभ्या राहिल्या. धर्मामामांच्या दोन्ही मुलींची लग्नं झाली, चांगल्या घरी. एक वर्षी धर्मामामांनी स्वतः गाडी आणून डेपोचं खत नेलं आणि वालात टाकलं. पुढच्या थंडीत पाटी भरून शेंगा घेऊन ओट्यावर आले. "बापू, वाल बरा आला हाय यंदा," एवढंच म्हणाले. बापूंनी त्यांना बसवून त्याच वालाचं बिरडं वाढलं. मामा जेवले. भांडायचं काही आठवलं नसावं. पण गावातली ती गोष्ट तशीच राहिली. गोष्टीला जेवू घालता येत नाही.

माई गेल्या त्यानंतर काही वर्षांनी, झोपेतच. बापूंनी खानावळ बंद केली. मला वाटलं, फेरीही संपली. पण तेराव्यानंतरच्या संध्याकाळी ते माझ्या खोलीच्या दारात काठी घेऊन उभे. "चल आपटेकर."

"कुठं?"

"डेपोवर. तुझं नाक चांगलं आहे." जिना उतरता उतरता म्हणाले, "जीभ जरा सैल आहे. पण नाक चांगलं."

मी पायरीवर थांबलो. ते थांबले नाहीत. खाली पोचून वळले आणि म्हणाले, "चल ना, अंधार होईल."

त्यांना पहिल्यापासून माहीत होतं. त्या सकाळपासून. तरी माझ्या पानात वाढलेला भात कधी कमी झाला नव्हता. मी काही बोलायला गेलो तर त्यांनी हात हलवला, माशी उडवावी तसा. मग मी पुष्कळ दिवस त्यांच्याबरोबर फिरलो आणि त्यांना सांगत राहिलो, आता ओहोटी आहे, चिखलाचा वास आहे, आता कुणीतरी पेंढा जाळतंय. माईंइतकं मला जमत नसे. ते चालवून घेत.

माझी बदली झाली त्या दिवशी मी त्यांना नमस्कार करून निघालो. एस.टी. खाडीकडच्या रस्त्यानं वळली तेव्हा ऊन उतरत होतं. खिडकीतून मैदान दिसलं. बापूंनी एक रिकामा खटारा थांबवला होता. एका हातात काठी, दुसरा हात वर करून मूठ गाडीवानाच्या नाकाशी धरलेली, आणि मान तिरकी. गाडीवान बिचारा जोखडावरून वाकून वास घेत होता. मग त्यानं काहीतरी सांगितलं. ते मला ऐकू येणं शक्य नव्हतं. पण बापू मुकादमाकडे गेले नाहीत. त्यांनी हातातलं खत खड्ड्यावर परत टाकलं, हात झटकले आणि बांधाकडे चालू लागले, भरती बघायला.